हार्ड डिस्कमधला लपलेला कप्पा

मी प्रतापगडचा. साताऱ्याचा नाही हां, गोंदिया जिल्ह्यातला, महाशिवरात्रीच्या यात्रेवाला.

पूर्वी कॉम्प्युटरसोबत विंडोजची सीडी यायची. मग कंपन्यांनी ती बंद केली नि तोच माल हार्ड डिस्कच्या एका कप्प्यात भरला: रिकव्हरी पार्टिशन. खर्च त्यांचा वाचला, डीव्हीडी आपल्या पैशाने! 2009 मध्ये विंडोज 7 आलं, तेव्हा नवा लॅपटॉप सांगायचा, 4.7 जीबीच्या तीन-चार डीव्हीडी बनवून ठेवा. कोण बनवतंय? उलट जागा हवी म्हणून पोरं तो कप्पाच उडवायची. आणि डिस्कच मेली, तर विंडोज नि त्याचा बॅकअप एकदमच जायचे, कारण दोन्ही एकाच डिस्कवर.

2015 च्या विंडोज 10 पासून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून सेटअप 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर घेता येतो. तुमचे फोटो मात्र त्यात नसतात.