गरोदरपणात झिका: आईकडून बाळाला धोका किती, काळजी काय घ्यायची?

येरवडा (पुणे): नोव्हेंबर २०२३ मध्ये येरवड्यात झिकाचा रुग्ण सापडला. पुढच्याच वर्षी, जून २०२४ पासून पुणे शहरात रुग्णांची संख्या शंभराच्या पुढे गेली आणि त्यात गरोदर महिला मोठ्या प्रमाणात होत्या. "हा शहरातला आजार, आपल्याला काय त्याचं," असं म्हणू नका. राज्यातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये सापडला तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात.

झिका पसरवतो तो डेंग्यूचाच डास, एडिस. हा दिवसा चावतो. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. झाला तर हलका ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, सांधेदुखी. आठवड्यात माणूस बरा होतो. मग एवढी काळजी कशाला? कारण गरोदर बाईच्या रक्तातून हा विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं मोठ्या संख्येने जन्मली, तेव्हा जगाला हे कळलं. मेंदूची वाढ खुंटणं, नजर किंवा ऐकण्यात दोष, गर्भपात असेही परिणाम दिसतात. पहिल्या तीन महिन्यांत धोका जास्त असतो.

पण रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे बाळात दोष असणारच, असं अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, लागण झालेल्या मातांच्या शंभर बाळांपैकी साधारण ५ ते १५ बाळांमध्ये परिणाम आढळतात. म्हणून शेजारपाजारच्यांचं ऐकून घाईने निर्णय घेऊ नका. डॉक्टर ठराविक दिवसांनी सोनोग्राफी करून बाळाच्या डोक्याची वाढ बघतात.

गरोदरपणात ताप किंवा पुरळ आलं तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रक्त-लघवीचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले जातात. झिकावर लस नाही, खास औषधही नाही. तापाला पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांना विचारून. मेडिकलमधून दुसरी वेदनाशामक गोळी आणू नका. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाची भीती असते.

एक गोष्ट घरात कोणी बोलत नाही: झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. साथीच्या भागात नवऱ्याने बाळंतपणापर्यंत निरोध वापरावा.

रांजण, टाकी, कूलर आठवड्यातून एकदा नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासा. अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. गोठ्यामागचे जुने टायर तर आधी हलवा.

बाळंत झाल्यावर अंगावरचं दूध बंद करायची गरज नाही.