'जणू'चं घराणं

मनमाडहून अनकाईच्या दिशेनं जाताना माळावर एक सुळका एकटाच उभा दिसतो. त्याचं नाव हडबीची शेंडी. डोंगर चढणाऱ्यांना मात्र त्यात अंगठा दिसतो: जमिनीतून कुणी मूठ वर काढून शाबासकी देतंय जणू! सुळका काळ्या बसाल्टचा आहे, हे बोलणाराही जाणतो आणि ऐकणाराही. तरी 'जणू' म्हटलं की कुणी खोटं बोलल्याचा ठपका ठेवत नाही. ही मोकळीक मराठीला फार जुन्या घरातून मिळालेली आहे.

संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं 'काव्यादर्शा'त उत्प्रेक्षा, म्हणजे एक वस्तू जणू दुसरीच आहे अशी कल्पना करणारा अलंकार, ओळखण्याचे शब्द सांगितले आहेत. त्यात 'इव' आहे, 'नूनम्' आहे, आणि 'मन्ये' आणि 'शङ्के' ही क्रियापदंही आहेत. मी मानतो, मला शंका येते. कल्पना करणारा माणूस वाक्यात स्वतः हजर राहून सांगतो की हे माझ्या मनातलं आहे. मला तर सगळ्या गोष्टीचं मूळ इथंच दिसतं. शाळेत आपण उत्प्रेक्षेचे शब्द म्हणून 'जणू, गमे, वाटे, भासे' पाठ करतो, त्यांतले शेवटचे तिन्ही मनाच्याच व्यापाराचे आहेत. 'जणू'चं नातंही 'जाणणे'शी लावतात. बाराव्या शतकात पाटणच्या हेमचंद्रानं अपभ्रंशाचं व्याकरण लिहिलं, त्यात 'इव'च्या अर्थानं येणाऱ्या शब्दांमध्ये 'जणि' आणि 'जणु' स्पष्ट नोंदलेले आहेत. म्हणजे आपला 'जणू' तेव्हाच जवळजवळ आजच्या रूपात वावरत होता.

पण नुसत्या शब्दानं भागत नाही. न घडलेल्या गोष्टीशी तुलना करायची तर वाक्याची बांधणीही तशी लागते. गीतेच्या अकराव्या अध्यायातलं विश्वरूप आठवा. आकाशात हजार सूर्य एकदम उगवले, तर त्यांचं तेज त्या महात्म्याच्या तेजासारखं होऊ शकेल, असं तिथं म्हटलं आहे. 'यदि' आहे, क्रियापदं विध्यर्थी आहेत, अट आणि तुलना दोन्ही उघड मांडलेल्या आहेत. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये नेवाशाला हाच श्लोक मराठीत आणताना आधी कल्पांताचे बारा आदित्य एकत्र आणले, मग हजार सूर्य उगवले, आणि 'यदि'च्या जागी 'जरी – तऱ्ही' योजून म्हटलं की तरीही त्या तेजाला उपमा देता येत नाही. संस्कृतात तुलना जेमतेम शक्य होती, मराठीनं ती तोकडी ठरवली. एका अव्ययाच्या जोडीनं एवढा पल्ला गाठलेला मी दुसरीकडे क्वचित पाहिला आहे.

गीतेतली ही उघडी बांधणी हाताशी असली की इंग्रजीतलं 'ॲज इफ' फार सोपं होतं. 'ही टॉक्स ॲज इफ ही वेअर अ किंग' या वाक्यात मधला तुकडा गाळलेला आहे. तो भरला की होतं: तो राजा असता तर जसा बोलला असता, तसा बोलतो. आपल्या व्याकरणातला हा संकेतार्थ. 'वेअर' दिसायला भूतकाळी असलं तरी काळ सांगत नाही, वस्तुस्थिती तशी नाही एवढंच सांगतं. विद्यार्थी त्याचं 'होता' करतात आणि वाक्यात खरोखरीचा माजी राजा येऊन बसतो. दोष मुलांचा नाही. उत्प्रेक्षा मराठीच्या तासाला आणि 'ॲज इफ' इंग्रजीच्या तासाला शिकवलं जातं, आणि दोघांची गाठ कुणी घालून देत नाही. संकेतार्थ आधी शिकवावा, मग 'ॲज इफ'. क्रम एवढाच हवा.

बोलीत मात्र हे सगळं कुणी न शिकवता चालू असतं. 'तो आजारी असल्यासारखा दिसतो' म्हटलं तर तो खरंच आजारी असू शकतो. 'जणू आजारीच आहे' म्हटलं की शंका वाढते. 'जसं काय आजारीच आहे!' म्हटलं की तो सोंग करतोय हे ठरूनच गेलं. आणि ओळखीच्या माणसानं स्टेशनवर तोंड फिरवलं, तर 'त्यानं मला न पाहिल्यागत केलं' एवढंच म्हणतात. पाहिलं होतं, पण पाहिलं नसतं तर जसा वागला असता तसा वागला: अट, नकार, तुलना आणि गाऱ्हाणं, सगळं त्या 'न पाहिल्यागत'मध्ये बसलं आहे.