तळटीप : सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था (एसपीआय)

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) मराठी मुलांची संख्या वाढावी, या हेतूने महाराष्ट्र शासनाने 1977 साली औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे स्थापन केलेली निवासी संस्था. दहावीनंतर लेखी परीक्षा व मुलाखतीतून येथे निवड होते; दोन वर्षे अकरावी-बारावीबरोबरच प्रबोधिनीची तयारी चालते. प्रबोधिनीची लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो : गणित 300 गुण, सामान्य क्षमता 600 गुण. त्यानंतर सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची, 900 गुणांची कसोटी असते. तीत एका चित्रावर नजर टाकायला 30 सेकंद आणि गोष्ट लिहायला चार मिनिटे मिळतात. मैदानावर फळी, दोर व ओंडके वापरून गटाने अडथळा पार करायचा असतो. पाठांतराने न साधणाऱ्या या भागासाठीच खेळ, संभाषण आणि वसतिगृहातील शिस्त मोलाची ठरते. निवड झाल्यास खडकवासल्याला तीन वर्षे आणि लष्करासाठी पुढे डेहराडूनला एक वर्ष प्रशिक्षण होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधील आदेशाने मुलींनाही प्रबोधिनीचे दार खुले झाले. त्यानंतर नाशिक येथे त्यांच्यासाठी अशीच संस्था सुरू झाली.