शनिवारी बंद राहणारे बंदर

हमालांच्या संघटनेत उभे आयुष्य गेलेल्या आम्हांला ग्रीसमधील सालोनिका बंदराची ओढ लागली ती एका शब्दामुळे. तेथेही ओझी वाहणाऱ्यास हमालच म्हणत! हे हमाल बहुतांशी यहुदी. १४९२ साली स्पेनमधून त्यांचे पूर्वज हाकलले गेले. तुर्की सुलतानाने आसरा दिला. चारशे वर्षांनीही त्यांच्या घरांत जुनी स्पॅनिशच चाले. कोकणातील बेने इस्राएलांचा घाणा शनिवारी बंद, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. सालोनिकेत तर शनिवारी सारे बंदरच बंद! सुलतानाच्या राज्यात सुटीचा वार हमालांच्या सोयीने ठरावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

१९०९ साली तेथे समाजवादी मजूर संघ निघाला. त्याचे पत्र आरंभी चार भाषांत निघे : लादिनो, तुर्की, ग्रीक व बल्गेरियन. येथे एका भाषेतले पत्रक काढताना आमची कोण तारांबळ उडते!

१९१२ साली शहर ग्रीसकडे आले. १९१७ च्या आगीत यहुदी वस्त्या खाक झाल्या. १९२३ च्या करारान्वये मुसलमान गेले, आशिया मायनरमधून ग्रीक निर्वासित आले. १९२४ च्या कायद्याने सुटी रविवारी गेली. आणि १९४३ साली, मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान, जर्मनांनी पंचेचाळीस हजारांवर यहुदी आगगाड्यांत कोंबून ऑशविट्झला नेले. परतले ते फारच थोडे. त्यांचे जुने कबरस्तान त्याआधीच, १९४२ च्या डिसेंबरपासून, उखडले जात होते. तेथल्या शिळा भिंतींना व फरसबंदीला लागल्या; त्या जागेवर आज विद्यापीठ आहे.