मुसीकाठची रेघ

28 सप्टेंबर 1908 या दिवशी हैदराबादेत मुसी नदीने जे केले, त्याच्या आठवणी त्या शहराने अनेक रूपांत जपल्या आहेत. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातले चिंचेचे झाड आजही दाखवतात. त्याच्या फांद्यांवर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली, असे सांगतात. कोळसावाडीसारखी दाट वस्ती वाहून गेली. मृतांचा आकडा साधारण पंधरा हजार धरला जातो, काही जण तो याहून पुष्कळ मोठा मानतात. मला मात्र या पुराच्या कथेपेक्षा त्यानंतर आखलेल्या आराखड्याची कथा अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती अजून संपलेली नाही.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी शहर सावरण्यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. ते 1909 मध्ये आले. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात ते अभियांत्रिकी शिकले, नाशिकला सरकारी नोकरीत रुजू झाले आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. त्यांच्या आठवणींतले हैदराबादचे प्रकरण वाचताना मी एका आकड्यापाशी थांबलो. शहराच्या वर मुसीचे पाणलोट क्षेत्र सुमारे 860 चौरस मैल आणि त्यात तलाव 788. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्या पुरात त्यांपैकी 221 तलाव फुटले.

दख्खनच्या खडकाळ पठारावर हे तलाव साखळीने बांधलेले असत. वरचा भरला की सांडव्यावरून पाणी खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात. साखळी शाबूत असेल तर पावसाचा वेग टप्प्याटप्प्याने मोडतो. पण वरचा बांध फुटला की साठलेले सगळे पाणी एकदम खालच्या तलावावर आदळते, तोही फुटतो आणि नदीपर्यंत पोचेतो त्याचा लोंढा झालेला असतो. सप्टेंबर 1908 चा पाऊस भयंकर होताच. विश्वेश्वरय्यांनी त्याच्या जोडीला हे तलावही मोजले, म्हणजे पुराचे कारण नदीच्या पात्रात न शोधता सगळ्या पाणलोटात शोधले.

त्यांनी सुचवलेला उपायही तसाच विस्तृत होता. शहराच्या वर मुसी आणि तिची उपनदी ईसा यांवर एकेक धरण बांधून पुराचे पाणी अडवायचे. शहरात नदीचे काठ उंच करून तिथे रस्ते आणि बागा करायच्या. 1912 मध्ये सातव्या निजामांच्या काळात नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. काठावर उच्च न्यायालय, रुग्णालय, सिटी कॉलेज अशा देखण्या इमारती उभ्या राहिल्या.

पण पूर अडवायचा तर धरणात जागा मोकळी ठेवावी लागते आणि शहराची तहान भागवायची तर ते भरून ठेवावे लागते. हे दोन्ही जलाशय पिण्याच्या पाण्याचेही झाले, आणि ही ओढाताण त्यांच्या जन्मापासूनच त्यांच्यासोबत आहे. दुसरा परिणाम माणसांच्या मनावर झाला. वर भिंत उभी आहे म्हटल्यावर खालचे पात्र मोकळी जमीन वाटू लागले. 1990 च्या दशकात शहराचे मुख्य बसस्थानक नदीतल्या बेटावर बांधले गेले. सप्टेंबर 2025 मध्ये धरणांतून पाणी सोडल्यावर नदी त्या बसस्थानकात शिरली.

तलावांचे तर नावच उरले. मासाब टँक हे आज वस्तीचे नाव आहे, टँक तिथे नाही. ऑगस्ट 2000 मध्ये एका दिवसात सुमारे 240 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी जुन्या तलावांच्या आणि नाल्यांच्या जागा शोधत घरांत शिरले. ऑक्टोबर 2020 मध्ये गुर्रम चेरुवूचा बांध फुटून जुन्या शहरालगतच्या वस्त्या बुडाल्या. एक तलाव फुटला की खाली काय होते, हे 1909 मध्येच कागदावर आले होते.

नियम नव्हते असे नाही. मोठ्या तलावाच्या पूर्ण पातळीपासून तीस मीटर जागा मोकळी सोडण्याचा नियम आहे. 1996 च्या 111 क्रमांकाच्या शासन आदेशाने दोन्ही जलाशयांभोवती दहा किलोमीटरच्या टापूतल्या 84 गावांत मोठ्या बांधकामांना बंदी घातली. 2022 मध्ये ती उठवताना एक कारण दिले गेले, की आता शहर पिण्यासाठी या जलाशयांवर अवलंबून नाही. धरणे मुळात पुरासाठी बांधली होती, याचा त्या हिशेबात विसर पडला. मात्र गावकऱ्यांची तक्रारही खोटी नव्हती. शहराच्या सुरक्षिततेसाठी पाव शतक त्यांच्या जमिनीला भाव आला नाही आणि त्याची भरपाई कुणी केली नाही.

पूरनियोजनाचा खरा पेच मला इथे दिसतो. रेघ कुठे ओढायची हे अभियंता सांगू शकतो. तिची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न राजकारणाचा आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडला आणि पुणे बुडाले. पुढे महाराष्ट्रात नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखण्याची पद्धत आली. निळीच्या आत बांधकाम नको, निळी-लालच्या मध्ये बंधने पाळून. या रेषा आत-बाहेर सरकवण्यासाठी किती जोर लागतो, ते नदीकाठच्या प्रत्येक शहराला ठाऊक आहे.

आणि रेघ वेळेवर ओढली नाही तर ती उशिरा ओढली जाते, तीही घरांच्या भिंतींवर. सप्टेंबर 2024 मध्ये मुसीच्या पात्रातल्या घरांवर लाल रंगाच्या खुणा झाल्या. त्यांत वर्षानुवर्षे घरपट्टी आणि वीजबिल भरणारी कुटुंबे होती. नदीला तिची जागा परत द्यायलाच हवी, पण ती जागा विकणारा, मोजून देणारा आणि तिच्यावर शिक्का मारणारा यांपैकी कुणाच्याही दारावर अशी खूण झालेली मी पाहिली नाही. 1909 च्या आराखड्यात 788 तलावांची नोंद होती. आज असा आराखडा करायचा तर त्यात ही माणसेही मोजावी लागतील.