विद्येच्या ओढीने वाढलेले बडोदे

बडोद्यात मराठी माणूस कसा आला, या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते : गायकवाडांबरोबर. जुन्या घराण्यांपुरते ते खरेच आहे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथील कित्येक कुटुंबांचे मूळ पुरुष शिलेदार, कारकून वा पुरोहित म्हणून आले. परंतु आपल्या शाळेच्या पटावरील अनेक नावांचा ना फौजेशी संबंध होता, ना दफ्तराशी. ही माणसे राजधानीकडे आली नव्हती. ती एका विद्यानगरीकडे आली होती. हा फरक आपण क्वचितच ध्यानात घेतो.

१८८१ साली सयाजीराव महाराजांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले आणि त्याच वर्षी बडोदा कॉलेज सुरू झाले. १८९० मध्ये कलाभवन निघाले, १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय. अरविंद घोष यांच्यासारखा अध्यापक येथे लाभला. कन्हैयालाल मुनशी येथे शिकले. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके कलाभवनात शिकून गेले. ‘गेले’ हा शब्द महत्त्वाचा. नुसते कॉलेज माणसाला चार वर्षे बोलावते; घर बांधायला लावत नाही. त्यासाठी शिकलेल्या विद्येला गावातच काम मिळावे लागते. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांना हे उमगले होते. १९०७ साली बडोद्यात उभा राहिलेला ॲलेंबिकचा कारखाना गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या प्रयत्नांतून निघाला. पुढच्याच वर्षी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली.

खरी कसोटी १९४९ मध्ये लागली. १ मे रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबार गेला, खाती गेली. विलीनीकरणानंतर किती तरी संस्थानी राजधान्या तालुक्याच्या गावासारख्या निस्तेज झाल्या. बडोद्याचे तसे झाले नाही, कारण आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला, महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले होते. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठेवल्याने गुजरातबाहेरच्या मुलांनाही दार उघडे राहिले. १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा निघाली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे तेथे शिकवू लागले. सुरेंद्रनगरहून शिकायला आलेले गुलाम मोहम्मद शेख आणि मुंबईहून आलेले भूपेन खक्कर पुढे बडोद्याचेच झाले.

मात्र या स्वागताची एक काळी बाजू जयंतीच्या भाषणांतून आपण फार सौम्य करून सांगतो. ज्या संस्थानाने १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना अमेरिकेला पाठविले, त्याच संस्थानाच्या नोकरीत ते १९१७ साली रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते उतरले. तेथूनही जमावाने त्यांना हुसकावले. कमाटीबागेतील झाडाखाली बसलेल्या त्या पदवीधराला राजाने बोलावले होते, गावाने नव्हे. विद्यानगरीचे मोजमाप करताना ग्रंथालयातील पुस्तकांबरोबर हेही मोजले पाहिजे. नव्या माणसाला घर भाड्याने देताना आडनाव विचारण्याची खोड आजही गेलेली नाही.

आपली शाळा निघाली तो काळ निराळा होता. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. खतांचा कारखाना आला, पाठोपाठ पेट्रोरसायने आली. जळगाव, धुळे, नाशिककडची तरुण कुटुंबे आली. त्यांच्या घरात गायकवाडी मराठी नव्हती. खानदेशी वळणाची बोली होती. जुने बडोदेकर तिला हसत, हेही नोंदवून ठेवावे. आपल्या वर्गांत मात्र दोन्ही बोली एकाच बाकावर बसल्या, आणि मधल्या सुटीत दोघीही सर्रास गुजराती बोलत.

आता बडोद्यात केंद्र सरकारचे गतिशक्ती विद्यापीठ आहे, खासगी विद्यापीठे आहेत. बिहार, केरळ, ईशान्येकडील मुले रिक्षातून सामान उतरवताना दिसतात. त्यांतील काही येथे राहतील. त्यांची मुले कोणत्या शाळेत जातील, हे आपल्या पटाकडे पाहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.