वस्तू व साठा : ऑनलाइन दुकानासाठी टेबलांची रचना

दुकानात काय विकायला आहे आणि त्यातले किती शिल्लक आहे, याच्या नोंदींसाठी डेटाबेसमध्ये केलेली टेबलांची आखणी. तिचा पाया एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले रिलेशनल प्रारूप. एक माहिती एकाच जागी लिहावी आणि इतर टेबलांनी तिचा फक्त क्रमांक वापरावा, हा त्यातला व्यवहारी भाग.

पालघर जिल्ह्यातला माल घेतला तर ‘वाडा कोलम’ ही एक वस्तू. तिची १, ५ व ३० किलोची पोती हे तिचे प्रकार. नाव आणि वर्णन वस्तूच्या टेबलात. एसकेयू (विक्रीच्या नगाचा ओळख-संकेत), वजन, किंमत प्रकाराच्या. करही प्रकारालाच जोडावा. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या बांधीव तांदळावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. ३० किलोचे पोते त्यातून सुटले. मूळ वारली चित्राचा मात्र एकच प्रकार आणि एकच नग. किमतीसाठी दशांश प्रकारचा कॉलम हवा. फ्लोटिंग पॉइंटमध्ये पैशांचा हिशेब चुकू शकतो.

नवखे लोक साठा वस्तूच्याच ओळीत ‘शिल्लक’ कॉलमात ठेवतात. तो आकडा किती ते सांगतो, का ते सांगत नाही. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत स्टोअरकीपरला बिन कार्ड नवे नाही : आवक, जावक, तारीख, सही, उरलेले. साठ्याचे टेबलही तसेच असावे. खरेदी, विक्री, परतावा, खराब माल, मोजणीतला फरक यांची प्रत्येकी नवी ओळ. जुनी खोडायची नाही. सोबत गोदाम आणि बॅच नोंदवावी. घोलवडच्या चिकूची पावडर मुदत आधी संपणाऱ्या बॅचमधून निघाली पाहिजे. कापडाच्या रंगात बॅच बदलली की छटा बदलू शकते, म्हणून एक ऑर्डर शक्यतो एकाच बॅचमधून भरावी.

वेगासाठी शिल्लक वेगळी साठवली तरी ती या नोंदींशी जुळलीच पाहिजे. शेवटचे पाकीट दोघांनी एकाच क्षणी मागवले, तर आधी शिल्लक वाचून मग वजा करणारी प्रणाली ते दोघांनाही विकू शकते. ‘शिल्लक एक किंवा जास्त असेल तरच एक वजा कर’ ही एकच आज्ञा द्यावी आणि विक्रीची ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही अशा बेताने, लिहावी. त्या आज्ञेने एकही ओळ बदलली नाही, तर माल संपला.

माहिती एकाच जागी लिहायची असली, तरी ऑर्डरच्या ओळीत मात्र त्या दिवसाचे नाव, किंमत व कर उतरवून घ्यावेत. उद्या भाव बदलला तरी कालचे बिल बदलता कामा नये. विक्री थांबलेली वस्तूही काढून टाकू नये, ‘बंद’ अशी खूण करावी, कारण जुन्या बिलांत तिचा क्रमांक असतो.